एक पाहुणा, अकरा यजमान

जानेवारी उजाडेपर्यंत चॅपलच्या हॉलमधल्या उबेच्या खोलीत अकरा स्वयंसेविका झाल्या होत्या आणि पाहुणा एकच होता. विल्फ कथबर्ट, वय त्र्याऐंशी. सकाळी दहाला तो आला की एकजण त्याचा कोट उतरवी, दुसरी टोपी घेई, तिसरी त्याला खुर्चीपर्यंत सोडायला जाई. खुर्ची त्याची त्यालाही स्पष्ट दिसत होती. दुपारपर्यंत त्याच्या पोटात सात कप चहा जाई. एकदा तो दोनलाच उठला आणि म्हणाला, "मी घरी जाऊन जरा पडतो. इथं फार दगदग होते."

या सगळ्याला सुरुवात एव्हरिल स्टोबर्टने केली होती, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.

नोव्हेंबरात चॅपलच्या दारावर पाटी लागली : ज्यांना घर गरम ठेवणं परवडत नाही त्यांनी यावं, सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार, कोणी काही विचारणार नाही. एव्हरिल त्या पाटीसमोरून तीन वेळा गेली. तिन्ही वेळा तिला पोस्टात काम निघालं होतं. चौथ्या वेळी ती आत शिरली, चार डोकी आपल्याकडे वळलेली पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कामाला कोणी हवंय का?"

शाळेच्या जेवणघरात सव्वीस वर्षं वाढायचं काम केलेली बाई आयती दारात आलेली. तिला लगेच एप्रन मिळाला. कपबशा पुसायचं काम तिने मागून घेतलं, कारण कपबशांचं कपाट खोली गरम करणाऱ्या रेडिएटरला अगदी खेटून होतं. ती एकेक कप इतका वेळ पुसायची, की त्यावरची फुलं फिकी पडायला लागली. आठवड्याभराने शेजारची नोरीन डॉड्स 'एव्हरिलला हातभार लावायला' आली. मग ग्लेनिस आली, नोरीनला हातभार लावायला. रेडिएटरजवळ उभं राहायला जागा पुरेना, तेव्हा पाळ्या लावल्या.

एकमेकींच्या घरांचं त्या एकमेकींना काही विचारत नसत. नोरीन म्हणायची, तिचं घर तापून इतकं कोंदट होतं की तिला बाहेर पडावंच लागतं. एव्हरिल म्हणायची, हो ना, माझंही तसंच. एव्हरिलचं खरं असं होतं : घर तापवायच्या गॅसचे दर दुसऱ्यांदा वाढले तशी तिने आधी पुढची खोली बंद केली, मग वरचा मजला. आता ती स्वयंपाकघरात आरामखुर्चीवर झोपत असे, मेलेल्या नवऱ्याची कानटोपी घालून. आरशात पाहिलं की घरफोडीला निघालेली, पण वयाचं भान सुटलेली कोणी बाई दिसे. आणि ही कोण, तर खाणकामगाराची लेक. तिच्या लहानपणी खाणीकडून मिळणारा फुकटचा कोळसा मागच्या गल्लीत ढिगाने ओतून जात, आणि घर इतकं तापे की आई भर जानेवारीत खिडक्या उघडी. अर्ध्या इंग्लंडच्या शेगड्या पेटवणाऱ्या माणसाची मुलगी आता दुसऱ्याचे कप पुसून बोटं शेकत होती. बाप असता तर हसून हसून त्याला ठसका लागला असता, असं तिला वाटे.

मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला होता. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा ती कोट काढून, स्वेटरच्या बाह्या वर करून बसे. एकदा बोलताना तिच्या तोंडून वाफ निघाली. तो म्हणाला, आई, हे काय? ती म्हणाली, आत्ताच गरम चहा घेतलाय. तिकडे चाळीस डिग्री होती, त्याला पटलं.

मग कौन्सिलची केरी-ॲन आली. तिशीतली, नम्र, हातात फाइल. तिने हॉलभर पाहिलं, अकरा एप्रन पाहिले आणि विल्फला पाहिलं. मग शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं, की खोलीचं अनुदान पाहुण्यांच्या संख्येवर असतं. पाहुण्याचा फॉर्म भरला तर पुढे त्याच्या घरी माणूस येतो, दार-खिडक्यांच्या फटी बुजवतो, हीटर बदलून देतो, तेही फुकट. पण एका पाहुण्यासाठी हॉल चालवता येणार नाही. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा मोजायला येईल. तेव्हाही असंच असलं, तर खोली बंद.

ती गेली. एव्हरिलच्या डोळ्यांसमोर फेब्रुवारी उभा राहिला, स्वयंपाकघरातला, दहा ते चार.

"गावात गरजू कमी आहेत का?" नोरीन म्हणाली. "शोधून आणू."

आठवडाभर त्या जोडीजोडीने दारोदार फिरल्या. एव्हरिलला वाटलं होतं, आपल्याला हे काम सोपं जाईल, गार घर आपल्याला वासावरून कळतं. कळलंही. दार उघडणारी प्रत्येक बाई कोटात होती, नुकतीच बाहेरून आल्याचं सांगत होती, आणि म्हणत होती, आमचं ठीक आहे गं बाई, पण तुम्हाला माणसं कमी पडत असतील तर मी येते ना मदतीला. गुरुवारी संध्याकाळी हिशेब झाला : पाहुणे शून्य, नव्या स्वयंसेविका तीन.

शुक्रवारी विल्फ आला नाही. नातीबरोबर त्याने निरोप पाठवला, की चहाने त्याचं पोट बिघडलंय. पावणेअकराला केरी-ॲनची गाडी बाहेर थांबली, आणि आत चौदा यजमान होते.

"कोणीतरी पाहुणी म्हणून बसा," नोरीन घाईघाईने कुजबुजली. "नाटक करायचं नुसतं. तिने एप्रन पाहिलेत, चेहरे नाही. एव्हरिल, तू बस. तुझा चेहरा तसा आहे."

"म्हणजे कसा?"

"अगं, बस."

एव्हरिलने एप्रन काढला आणि विल्फच्या खुर्चीत बसली. कोणीतरी तिच्या मांडीवर शाल टाकली. तिने मनातल्या मनात एक खोटं नावही जुळवून ठेवलं. केरी-ॲन समोर बसली, तिने फॉर्म काढला आणि विचारलं, घरात किती खोल्या गरम करता. एव्हरिल म्हणाली, एकही नाही. नाटक आहे, थोडं रंगवायला हवं, असं तिने मनाशी म्हटलं. झोपता कुठे? स्वयंपाकघरात, खुर्चीत. ओल आहे का? वरच्या कपाटामागे आहे, म्हणून कपाट हलवत नाही. गरम जेवण? एक दिवसाआड. ओव्हन लावला की नंतर त्याचं दार उघडं टाकून त्यापुढे पाय घेऊन बसते.

तिला कळत होतं, की आता थांबायला हवं. पण सोंग घ्यायला बसलेल्या या बाईला सोंगातलं काही सुचतच नव्हतं, जे होतं तेच बाहेर पडत होतं. पाठीमागे कपांचा खणखणाट थांबला. ओव्हनच्या वाक्याला ग्लेनिस हळूच म्हणाली, "दार उघडं टाकून, हो," आणि लगेच कपाटाकडे वळली.

केरी-ॲनने पेन उचललं. "नाव?"

खोटं नाव जिभेवर होतं. पण खोट्या नावाच्या घरी फटी बुजवायला कोण येणार, आणि कुठल्या घरी?

"एव्हरिल स्टोबर्ट," ती म्हणाली. "सत्तावीस, बेल स्ट्रीट. घर गार आहे माझं. फार गार आहे."

तिने नोरीनकडे पाहायचं टाळलं. सबंध गाव आता काय म्हणेल, हे तिला पाठ होतं. गेली दोन वर्षं ती ते स्वतःलाच सुनावत आली होती. तिच्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नोरीन एप्रनसकट बसली होती.

"माझंही लिही, पोरी," नोरीन म्हणाली. "कोंदट वगैरे काही नाही. बाथरूममध्ये सकाळी बर्फ असतो."

मग ग्लेनिस बसली. मग खुर्च्या कमी पडायला लागल्या म्हणून कोपऱ्यातला बाक ओढला गेला. साडेबारापर्यंत केरी-ॲनने नऊ फॉर्म भरले. उरलेल्या पाचजणी अजून भिंतीशी उभ्या होत्या, पण त्यांनी एप्रन सोडले होते. चहा करायला कोणीच उरलं नाही, हे लक्षात आल्यावर केरी-ॲन स्वतःच उठली.

तिने कप आधी गरम पाण्याने विसळले नाहीत, दूधही चहाच्या आधीच ओतलं. पाहुण्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एव्हरिलने आयुष्यात इतका फिका चहा कधी घेतला नव्हता. तो दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, छान झालाय. मग तिला राहवेना.

"फक्त पुढच्या वेळी, पोरी," ती म्हणाली, "जरा मुरू दे."