राबात न जळलेलं पातं

आमच्या पाड्यावर काहीच फेकलं जात नसे. टोपली फाटली, छपराचं गवत कुजलं, की ते राबात जाई. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पाला, जुनंपानं पसरायचं, पेटवायचं आणि त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं वाढवायची. वर्षाचं सगळं भात त्या एवढ्याशा तुकड्यावर.

मी जव्हारला कॉलेजात होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तेव्हा कॉलेजातल्या कार्यक्रमात वाटायला एका संस्थेने घाटावरच्या पवनचक्कीचं निकामी पातं कापून, त्याचे तुकडे ट्रकने आणले. संस्थेचे पाहुणे म्हणाले, टाकाऊ असं काही नसतंच, प्रत्येक वस्तू पुन्हा वापरात येते. मला घरचंच कुणी बोलतंय असं वाटलं. मी चाचरत उभा राहिलो.

"सर, हेपण जुनं झालं की काय करायचं?"

सगळे हसले. "अरे, तुझा नातू वापरेल हे!"

एक तुकडा मला मिळाला. जीपच्या टपावर बांधून नेला. पाड्यावर पोहोचताच शेजारची काकी ओरडली, "काय रं, विमान पाडलास का कुठलं?" बाने तो बकऱ्यांच्या गोठ्यावर चढवला. पाणी एक थेंब आत येत नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात वादळात फांदी पडून तो मधोमध चिरला. मी परीक्षेसाठी जव्हारलाच होतो. बाने जुन्या वस्तूचं करतात तेच केलं. तुकडे कोयत्याने तोडून राबात घातले. काळा, घशात बसणारा धूर निघाला, असं आई नंतर म्हणाली. खाली पांढऱ्या जाळ्या उरल्या. राखच ती, म्हणून बाने कुदळीने मातीत मिसळली.

रोपं मात्र छान आली. लावणीला मी घरी होतो. शेजारच्या बाया वारीपाळीने, आज आमच्याकडे तर उद्या त्यांच्याकडे अशा, रोपं काढायला आल्या. थोड्याच वेळात काकीने हात वर धरला.

"कुसळं भरलीत गं! दिसत तर नाय काय."

सगळ्यांचे हात लाल झाले. धुतले तरी आग जाईना. बाने स्वतःच त्यांना थांबवलं. "तुमच्या लावण्या राहिल्यात. हात गेलं तर त्या कोण करील? जा घरी."

मी मोखाड्याला संस्थेच्या माणसाकडे गेलो आणि तुकडा राबात जाळल्याचं सांगितलं. तो वैतागला. "जाळायचं कुणी सांगितलं? त्यात काचेचे धागे असतात."

"हे तेव्हा नाही सांगितलं, सर. मग फुटल्यावर काय करायचं होतं?"

"जपून ठेवायचं."

"आणि तुम्ही परत न्याल?"

तो समोरचे कागद चाळू लागला. त्याच्या मागे भिंतीवर आमच्याच कार्यक्रमाचा फोटो होता.

हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही तिघांनीच रोपं काढली. पिशव्या फाटायच्या, चिखलात मूठ निसटायची. अर्धं शेत होईस्तोवर उरलेली रोपं जून झाली. बाकीचं अर्धं शेत पडीक राहिलं.

पुढच्या वर्षी बाने राब वर खडकाळ जागी केला. राबाच्या जुन्या जागेवर त्याने काटे टाकले आणि आईला सांगितलं, "बकऱ्या हिकडं सोडू नको."

ते "पुन्हा वापर" शिकवणारे दरवर्षी कॉलेजात येत राहिले. मी पुन्हा प्रश्न विचारला नाही.