वेबसाईटवरचा जुना नंबर

चालूच हाय की माझं दुकान. बंद पडलं असं कोन सांगत फिरतंय, ते मला बराबर ठाऊक हाय.

बायांनो, मी लग्नाचं रुखवत करून देते. आज दुपारी टेंभुर्णीच्या एक बाई घामानं निथळत दारात आल्या. परवा पोरीचं लगीन, अन् रुखवताचा पत्ता न्हाई. आल्या तशा खेकसल्या, "वेबसाईटवर जुन्या जालन्याचा पत्ता टाकलाय तुम्ही. तिथं गेल्ते. तिथली बाई म्हनली, रुखवतवालीनं धंदा बंद केला. शेजारच्यांनी इकडचा पत्ता दिला म्हनून आले."

तिथली बाई म्हंजे माझी थोरली जाऊ. मालक गेल्यावर तिनंच मला घराबाहेर काढलं, म्हनून मी नवीन जालन्यात आले.

मी म्हनलं, "एवढी घाई? पोरगी पळून चालली का काय?"

"थट्टा नका करू बाई," म्हनल्या, अन् रडायलाच लागल्या. मंग मी त्यांना पानी दिलं. काम घेतलंय, पन पोरीला पायजे व्हता तो सप्तपदीचा देखावा दोन दिवसांत व्हनार न्हाई.

आता तुम्ही विचारसाल, वर्ष झालं जागा बदलून, ते पान कामून बदललं न्हाई?

कम्प्युटरवाला ऐकत न्हाई, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं हाय. त्यानं दोनदा विचारलं, मीच नको म्हनलं. पानावरचा फोन जावेच्या घरातला हाय. दुपारी तिचा डोळा लागला की तो वाजावा, एवढंच पायजे व्हतं मला.