चिमट्यातली काडी

सहकारी गिरणीत लाडिस्लाओ प्रोकोपियुकला सगळे मेस्त्री म्हणत, आणि तो शब्द त्याला पगारापेक्षा गोड लागे. एकतीस वर्षं त्याने ती गिरणी चालती ठेवली. अर्जेंटिनातल्या आमच्या मिसियोनेसच्या लाल धुळीत पट्टे झिजतात, बेअरिंगं रडायला लागतात, आणि चहासारखं माते हे पेय ज्या पाल्याचं करतात त्या येर्बाचा भुगा तर माणसाच्या पापणीतसुद्धा जाऊन बसतो. पण मेस्त्री आला, त्याने टोपी खिळ्याला टांगली, की अडून बसलेलं यंत्र मुकाट्याने चालू व्हायचं. इथपर्यंत सगळं कौतुकाचं. पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगायला हवं.

पुडे भरायच्या यंत्राच्या डोक्यावर पत्र्याची एक कोठी होती. वाळवून, मुरवून, दळलेली येर्बा वरून कोठीत पडायची आणि खालून अर्ध्या किलोच्या पुड्यांत उतरायची. कोठीत माल किती उरला हे कळायची सोय एकच, ती म्हणजे डेल्मिरा बेनीतेस. यंत्र चालवता चालवता ही बाई पेरूच्या लाकडाच्या दांडक्याने कोठीवर टकटक करायची, आवाज ऐकायची आणि ओरडायची, "सोडा रे माल!" बारा वर्षांत तिने कोठी एकदाही रिकामी होऊ दिली नव्हती.

मग गिरणीने दुसरं यंत्र घेतलं. दोन्ही यंत्रं डेल्मिराच्याच गळ्यात पडली, आणि एक बाई दोन कोठ्या किती ठोकणार? लेव्हल स्विच बसवायचं ठरलं. कोठीत माल कमी झाला की स्विचने आपणहून माल आणणारा पट्टा चालू करायचा. पोसादास शहरातल्या विक्रेत्याने तीन नमुने आणून दिले. "पंधरा दिवस वापरून बघा आणि निवडा," म्हणाला.

एक होता फिरकीचा. त्याचं चिमुकलं वल्हं गरगर फिरत राहायचं आणि मालात बुडालं की अडायचं. दुसरा चिमट्याचा. त्याचे दोन पाय सतत थरथरायचे आणि भोवती माल आला की गप्प व्हायचे. तिसरा दांडीचा होता, तो ओलसर हवेत फसेल म्हणून मेस्त्रीने पहिल्याच दिवशी बाद केला, आणि ते बरोबरच होतं.

डेल्मिराने फिरकी हातात घेऊन फिरवून पाहिली. "मेस्त्री, ही घ्या. आपल्या येर्बात काड्या असतात. जेवल्यावर काडी कुठे अडकते? जिभेवर नाही, दोन दातांच्या मधे."

"आता दातांची डॉक्टर पण तूच का गं?" मेस्त्री म्हणाला. सगळे हसले. डेल्मिराही हसली.

खरी गोष्ट अशी की मेस्त्रीला तारा आणि दिवे यांतलं फारसं कळत नव्हतं. माहितीपुस्तक हातात धरून आपण चाचपडतोय हे गिरणीतल्या पोरांनी बघावं, हे त्याला मंजूर नव्हतं. म्हणून रविवारी त्याने दोन्ही स्विच पिशवीत घालून घरी नेले. बुडवून बघायला बादलीभर येर्बा हवी होती. गिरणीतून आणायची तर पहारेकरी शंभर प्रश्न विचारणार. पण घरात येर्बा होतीच.

आणि इथेच मेस्त्रीची दुखरी जागा होती. घरी तो गिरणीची येर्बा पीत नसे. त्याची बायको नेउझा नदीपलीकडची, ब्राझीलची. तिचा भाऊ दर महिन्याला होडीतून तिकडची एक गोणी आणून टाकायचा. पिठासारखी बारीक, पोपटासारखी हिरवी, औषधालाही काडी सापडायची नाही. पंचवीस वर्षांत मेस्त्रीला तीच चव लागली होती. आमच्या सहकारी गिरणीच्या माणसाने पलीकडची येर्बा प्यावी, म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणून खाल्ल्यासारखंच! पाहुणा आला की ती गोणी पलंगाखाली जायची.

त्या हिरव्या पिठात चिमटा झकास चालला. बुडवला की दिवा लागे, काढला की विझे. फिरकीने मात्र पिठात स्वतःपुरतं भोक पाडलं आणि त्यातच खुशाल फिरत राहिली. मेस्त्री खूश झाला. सोमवारी त्याने कागदावर लिहिलं, "येर्बात घालून तपासले. चिमटा उत्तम. फिरकी निरुपयोगी." खाली ठसठशीत सही ठोकली.

तो चिमटा पहिल्या कोठीत बसला, आणि तसाच आणखी एक मागवून दुसरीत. एवढ्यावर थांबता तर बरं होतं. त्याने डेल्मिराच्या हातातलं दांडकंही काढून घेतलं. "आता पत्रा ठोकायचा नाही, स्विच बिथरेल. दिवा सांगेल तेच खरं," असं बजावून दांडकं आपल्या खोलीत, टोपीच्या खिळ्याशेजारी टांगलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी पहिली कोठी रिकामी होत गेली आणि दिवा सांगत राहिला की माल आहे. पट्टा हलला नाही. डेल्मिरा दुसऱ्या यंत्रावर कागद चढवत होती, तिला दिवा दिसत होता, आणि दिव्यावर विश्वास ठेवायचा हुकूमच होता. अर्ध्या किलोच्या पुड्यांत कुठे साडेतीनशे ग्रॅम, कुठे त्याहून कमी. अख्खा ट्रक पोसादासहून परत आला. दुकानदारांनी गिरणीला लबाड म्हटलं.

मेस्त्री शिडी लावून एकटाच वर चढला. चिमट्याच्या दोन पायांत बोटभर लांबीची एक काडी पाचरीसारखी बसली होती. दोन दातांच्या मधे. त्याने ती उपटली, दिवा विझला, पट्टा धडधडत सुरू झाला. खालून अध्यक्ष एव्हाल्दो शिमान्स्कींनी विचारलं, "काय झालं होतं, मेस्त्री?"

काडी त्याच्या मुठीत होती. "काही नाही. स्विच ठीक आहे," तो म्हणाला, आणि मूठ खिशात घातली.

स्विच ठीक, तर मग चूक बाईची. ती बेसावध होती, तिला स्विच नकोच होता, कोण जाणे तिनेच काहीतरी केलं असेल, अशी कुजबुज दुपारपर्यंत गिरणीभर झाली. शनिवारच्या सभेत काय ते ठरेल, तोवर तिला पाला भाजायच्या शेडमध्ये झाडू मारायला धाडलं. ठरणार काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्र कायमचं जाणार होतं.

शेडमधल्या धुराने तिचे डोळे लाल झाले. पण मेस्त्री समोरून गेला की ती रोज विचारायची, "बरं आहे ना, मेस्त्री?" शिव्या दिल्या असत्या तर त्याने सुखाने खाल्ल्या असत्या. त्या चौकशीने मात्र त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

घरी मातेचा पेला समोर तसाच गार होत राहिला. नेउझा त्याला लाडाने लाचो म्हणे. तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि ती म्हणाली, "लाचो, तुला नोकरीची भीती नाही. तुला माझ्या गोणीची लाज वाटते. त्यापायी त्या बाईला धुरात ठेवलंस?"

शनिवारी सभेत तो उभा राहिला. काडी टेबलावर ठेवली. "चूक माझी आहे. चिमटा मी निवडला. आपल्याच येर्बात तपासला होता, पण घाई केली, पुरेसा वेळ बघितलं नाही. डेल्मिराचा काही दोष नाही."

मग अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. "एकतीस वर्षांनी चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं!" अध्यक्ष म्हणाले. डेल्मिराला यंत्र परत मिळालं, फिरकी मागवायचं ठरलं. मेस्त्री मान खाली घालून त्या टाळ्या ऐकत राहिला. "आपल्याच येर्बात" हे दोन शब्द खोटे होते.

सभा संपल्यावर डेल्मिरा दांडकं मागायला त्याच्या खोलीशी आली. त्याने खिळ्यावरून काढून दिलं. तिने एप्रनच्या खिशातून घडी केलेलं फडकं काढलं.

"चिमटा बसवायच्या आधी तुम्ही मला पुसायला दिला होता, आठवतं?" तिने घडी उलगडली. मधोमध हिरवागार डाग होता. "मेस्त्री, आपली मुरवलेली येर्बा कधी एवढी हिरवी असते का?"

त्याचे कान तापले. "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुमची सही आणि माझं फडकं. कोणाचं खरं मानलं असतं? म्हटलं, मेस्त्री आज सांगतील, उद्या सांगतील. आज सांगितलंत, पण अर्धंच. टाळ्या वाजल्या तेव्हा वाटलं, आता तरी सांगतील." तिने फडकं त्याच्या हातात दिलं. "घरी धुवून टाका. मी कुणाला बोलणार नाही."

तिने धमकी दिली असती तर तो भांडला असता. तिने तर त्याला झाकलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना. रविवारभर ते फडकं त्याच्या टेबलावर पडून होतं. धुवायला हात उचलला नाही.

सोमवारी नऊच्या सुट्टीत सगळे मातेसाठी गोल बसले. येर्बा भरलेला भोपळा, म्हणजे कोरलेल्या भोपळ्याचा पेला, आणि गरम पाणी डेल्मिराच्या हाती होतं. ती पाणी ओतणार, भोपळा एकेकाकडे जाणार, पिणारा नळीने ओढून तो तिला परत देणार. मेस्त्रीने फडकं मधोमध पसरलं आणि सगळं सांगितलं. रविवार, बादली, मेव्हण्याची होडी, पलंगाखालची गोणी. "एका पलीकडच्या गोणीसाठी मी तिला आठ दिवस धुरात ठेवलं," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. टाळ्या तर नाहीतच.

डेल्मिराने भोपळ्यात पाणी ओतलं आणि तो मेस्त्रीच्या डाव्या बाजूच्या माणसाला दिला. मग उजव्या बाजूच्या. दुसऱ्या फेरीतही त्याला वगळलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी थप्पड नाही. तो हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला, उठून गेला नाही.

तिसऱ्या फेरीला भोपळा त्याच्यासमोर आला. "पाणी कोमट झालंय," डेल्मिरा म्हणाली.

त्याने गिरणीची काड्यांची येर्बा शेवटच्या थेंबापर्यंत ओढली आणि भोपळा तिच्या हातात परत दिला. तिचे आभार मानावेत असं त्याला फार फार वाटत होतं. पण भोपळा परत देताना आभार मानले की 'आता मला पुन्हा नको' असा अर्थ होतो. म्हणून तो काहीच बोलला नाही.