मावसांची मिशी आणि दाराची कडी

जगात एकूण जेवढी काळजी आहे, तिच्यातली निम्मीअर्धी माझे मावसा एकटे वाहायचे, आणि म्हणूनच बाकीचं सुरत शहर निर्धास्त झोपू शकायचं, असं माझं आजही ठाम मत आहे. मावसा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. खानदेशातून आले, डिंडोलीत आमच्याच गल्लीत राहिले आणि कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात लागले. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. एकदा या ओढाओढीत कुलूपच निघून हातात आलं, तर माणूस काय म्हणाला असेल? "बघा, मी म्हनत नव्हतो?" आणि त्या दिवशी खाडा करून उघड्या दाराशी राखण करत बसले. गाडी सकाळची असली तर हे पहाटेच फलाटावर हजर, आणि वर जी गाडी सुटताना दिसेल ती आपलीच असणार म्हणून घामाघूम! काळजी करायला काहीच हाताशी नसलं, तर आपण कसली तरी काळजी विसरलोय की काय या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही. मावशी म्हणायची, "माझं लग्न यांच्याशी लागलं, पण संसार यांनी घोराशी केला."

अशा माणसाला मी माझ्या परीक्षेत नट म्हणून घेतलं. माझीच अक्कल, दुसऱ्या कुणाला काय बोलणार! त्या काळी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं खूळ जोरात होतं, आणि मी उधन्याकडच्या एका क्लासमध्ये शूटिंग आणि एडिटिंग शिकत होते. आमचे गुजराती सर म्हणाले होते, पास झालीस तर बायकांच्या बाजूचं शूटिंग करायला तुलाच ठेवतो, हळदीच्या खोलीत पुरुष कॅमेरामनला कोण शिरू देतं? इकडे बाबांनी सांगून ठेवलं होतं की पास झालीस तर बघू, नाही तर नंदुरबारच्या पाहुण्यांना होकार कळवतो. पाहुण्यांचा मुलगा फोटोत बरा होता, पण मला फोटो काढायचे होते, फोटोतल्याशी लग्न नव्हतं करायचं. तेव्हा सगळं त्या एका परीक्षेवर येऊन अडलं होतं.

परीक्षा ऐकायला सोपी. एक माणूस गल्लीतून येतो, दार उघडतो, आत येऊन कडी लावतो, पाणी पितो आणि बायकोशी दोन वाक्यं बोलतो. बस्स. पण तुकडे वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे आणि असे जोडायचे की बघणाऱ्याला वाटावं, सगळं एका दमात झालं. वर सरांचा नियम, एकदा घेतलेला शॉट पुन्हा घ्यायचा नाही. "लगन में रिटेक होता है क्या?" असं ते विचारायचे. क्लासचा कॅमेरा एकच, त्यामुळे पाळी तीन आठवड्यांनी यायची. पहिल्या पाळीला मी मावसांना गल्लीतून चालत आणलं, तोंडावर ऊन, झुपकेदार मिशी, खिशाला पेन, आणि दाराला हात लागला तिथे थांबवलं. मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मावसा, पुढच्या वेळी असेच दिसा हं. जराही फरक नको."

झालं! मावसांना आयुष्यभर पुरेल असा घोर मिळाला. अंगातला शर्ट तसाच न धुता खुंटीवर टांगला आणि मावशीला त्याच्याकडे बघायचीही बंदी केली. समोरच्या घरचे लोक दार रंगवायला काढत होते, त्यांना हात जोडून थांबवलं. गल्लीत टेकवलेली सायकल कुणाची होती त्याचा शोध घेऊन त्याला बजावून आले की येत्या पाळीला ती तिथेच, तशीच तिरपी उभी पाहिजे. जेवताना अर्धी भाकरी परत ठेवायचे, पोट सुटलं तर? आणि रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन तोच प्रश्न, "मन्हामुये पोरगी नापास तं नई ना व्हनार?" आई वैतागून म्हणाली, "दाजी, तिच्या परीक्षेला तुम्हीच बसा आता."

आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गावाहून फोन आला. मावसांचे वडील गेले. मावसा आणि मावशी मिळेल त्या गाडीने गावी गेले, आणि मी इथे नखं खात बसले. खरं सांगते, आधी मला म्हातारबाबांचं वाईट वाटलं, आणि लगेच मावसांची मिशी आठवली. आमच्याकडे बाप जिवंत आहे तोवर माणूस मिशीला वस्तरा लावत नाही, आणि बाप गेला की दहाव्याला डोक्यासकट मिशी जाते. हे काय कुणी मला सांगायला हवं होतं?

पाळीच्या दिवशी सकाळीच मावसा दारात उभे. तेरावा आटोपून रात्रीची गाडी धरून सरळ आले होते, भाऊबंदांचे टोमणे खाऊन. डोकं तुळतुळीत, ओठावर काही नाही, चेहरा कुणा दुसऱ्याचाच. हातात पिशवी. "शर्ट तोच शे माय," ते म्हणाले, "पेनबी तोच. सायकलवाल्याला सांगून आलो. फक्त..." आणि त्यांनी ओठावर हात ठेवला. मागून मावशी म्हणाली, "न्हाव्यापुढं बसले तेव्हाबी असाच हात ठेवला. वस्तरा मागं फिरवला दोनदा. लोकं म्हनली, बापावर काय जीव आहे!" मावसा खाली बघत पुटपुटले, "बापासाठी रडू येत होतं का तुझ्या परीक्षेसाठी, मलेच समजनं नई."

मावशीने काजळाने मिशी काढून पाहिली. आरशात बघून मावसा हसले, मावशी हसली, मी तर लोळायचीच बाकी होते, आणि एकदम मावसा घाबरले. "बा जाऊन किती दिवस झाले, अन् मी हसतो?" त्यांनी काजळ खसाखसा पुसून टाकलं.

मग मी ठरवलं, चेहरा दाखवायचाच नाही. दार आत ढकलणारा हात, चपला काढणारे पाय, तांब्या उचलणारी बोटं, आणि बोलताना फक्त मावशीचं तोंड. सगळं नीट झालं. शेवटी राहिला कडीचा शॉट. कॅमेरा आतल्या कडीवर रोखलेला, हात येतो, कडी लावतो, हात जातो. हात आला, कडी लावली, हात गेला. आणि कडी खरंच लागली ना, हे बघायला मावसा उलट फिरले आणि आपला तो कोरा चेहरा घेऊन कडीवर वाकले! "लागली," म्हणाले. मी कपाळावर हात मारला. रिटेक नाही.

एडिटिंगच्या मशीनवर दोन व्हीसीआर जोडलेले असायचे, आणि ती मशीनं बटण दाबल्यावर जरा उशिरा ऐकायची. हात जातो आणि चेहरा येतो यांच्यामध्ये जेमतेम डोळा मिटण्याइतकी जागा होती. मी कापायचे, बघायचे, तर बिनमिशीचा ओठ चमकून जायचा. पुन्हा कापायचे. जमलं असं वाटलं तरी मागे जाऊन बघायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा बघायचे. कुलूप ओढायला परत येणाऱ्या माणसाला मी इतकी वर्षं हसत आले होते, ती मीच का, असं वाटलं.

सरांनी पूर्ण पाहिलं, मान डोलावली. "सांधो देखातो नथी," म्हणाले. सांधा दिसत नाही! मी पास झाले होते. नंदुरबारच्या पाहुण्यांना बाबांनी काय कळवलं ते मी विचारलंही नाही.

भाड्याने व्हीसीआर आणून मावसांच्या घरी सगळ्यांनी फिल्म पाहिली. मावसा टीव्हीला नाक लावून बसले होते. "इथं समजते का? इथं?" नाही समजत, मावसा, कुणालाच नाही समजत. फिल्म संपली, मावशीने डोळ्याला पदर लावला, शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. मावसा मात्र टीव्हीपासून हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मांगे ले."

मी मागे घेतलं. कडी, तांब्या, चपला, दार. "आखो मांगे." आणखी मागे घेतलं, गल्ली आली. ऊन, तिरपी सायकल, आणि मिशीवाले मावसा दाराकडे येताहेत. "बस. थांबव. दारापर्यंत नको जाऊ दू."

चित्र थरथरत उभं राहिलं. मावसांनी आपल्या कोऱ्या ओठावरून बोट फिरवलं. "या टाइमले," ते म्हणाले, "बा गावले ओटावर बठेल व्हता, माय. हातवर तमाकू चोयत."

कॅसेट अशी अडवून ठेवली की टेप घासते, हे मी मावसांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, काही खराब तर होणार नाही ना, असं त्यांनी विचारलं नाही.