मामीचा मेंदू जिथे दिला, तिथे

बंगळूरला लोक बागा बघायला जातात. मला तिथलं मेंदूंचं संग्रहालय बघायचं होतं. चामराजपेटला राहणाऱ्या मामांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मीपण येतो." शेजारी बसलेल्या आईने ते ऐकून हातातलं काम बाजूला ठेवलं. मामी विस्मरणाच्या आजाराने गेली तेव्हा तिचा मेंदू मामांनी तिथेच दान केला होता. त्यानंतर त्या बाजूला ते फिरकलेही नव्हते.

बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी बंगळूर. मामांच्या गल्लीतल्या हॉटेलात इडली-वडा आणि वाफाळती कापी, म्हणजे तिकडची कॉफी, झाली. रिक्षावाल्याने मीटरच्या वर "स्वल्प जास्ती" मागितले, मामांनी "सरी", म्हणजे बरं, म्हणून टाकलं. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करा, संग्रहालय रोज उघडं नसतं.

आत काचेच्या बरण्यांतून मेंदूच मेंदू. माहिती द्यायला धारवाडची अनिता होती. अपघातात मार बसलेला, गाठ वाढलेला, असे एकेक मेंदू दाखवत ती म्हणाली, "हे सगळं एका डॉक्टरांनी जमवलं. नातेवाइकांना ते स्वतः भेटायचे. आता ते नाहीत."

"मला भेटले होते," मामा म्हणाले. "दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, नाही म्हणालात तरी चालेल. म्हणून तर मी हो म्हणालो."

अनिताने मामीबद्दल विचारलं. मामा बरण्यांकडे बघत बोलत राहिले. शेवटची दोन वर्षं मामी त्यांना अण्णा म्हणायची, स्वतःचा थोरला भाऊ समजून. "चाळीस वर्षं संसार केला. भाऊ लक्षात राहिला आणि मीच कसा पुसला गेलो?"

अनिताने दोन मेंदू शेजारी दाखवले. एक भरलेला, दुसरा आक्रसलेला, घड्यांमध्ये फटी पडलेल्या. "या आजारात बहुतेकदा अलीकडचं आधी जातं, काका. लहानपणचं जास्त टिकतं. भाऊ लहानपणचा. तुम्ही नंतर आलात."

मामांनी वाकून त्या फटी जवळून बघितल्या. "म्हणजे तिच्या हातात काही नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "यात ती कुठली?"

"नावं लावत नाही आम्ही."

"बरं आहे," मामा म्हणाले.

शेवटी हातमोजे घालून खरा मेंदू हातात घेता येतो. माझ्या अंदाजापेक्षा तो जड निघाला, आणि घट्ट. मी मामांपुढे धरला. ते नको म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. परत देताना अनिताला म्हणाले, "ते डॉक्टर असते तर सांगायचं होतं, बरं केलंत विचारलंत ते."

बाहेर पडल्यावर त्यांना भूक लागली. आम्ही बिसी बेळे भात खाल्ला आणि मामा मामीच्या माहेरच्या गोष्टी सांगत बसले, अण्णाच्यासुद्धा.

घरी येऊन आठवडा झाला. डॉक्टरांनी जमवलेले मेंदू डोळ्यांपुढून जातील कदाचित, पण बाकावर बसून त्यांनी ज्या रीतीने विचारलं, ते मनातून जात नाही. काल जेवताना मी आईला सांगितलं की माझाही मेंदू द्यायचा. तिने ताटातून मान वर केली नाही.

"बेळगावहून इतक्या लांब नेतात का?"

"माहीत नाही. विचारते."

तिने भात कालवला, एक घास खाल्ला.

"मग दोघींचं विचार," ती म्हणाली.