घोडेटेप कुठल्या हाताला?

इथे परदेशात, नोव्हायमध्ये डोंगर नाही. आमच्या वस्तीत उंच म्हणावं असं एकच, पार्किंगच्या कोपऱ्यात ट्रकने ढकलून ठेवलेला बर्फाचा ढीग. अशा ठिकाणी बाबांना बसवून मी आमच्या खेड्याभोवतीच्या डोंगरांची आणि ओढ्यांची नावं रेकॉर्ड करायला निघाले होते. ती कुठल्याच नकाशात नाहीत. ज्यांना येत होती ती माणसं गेली, उरले बाबा, आणि त्यांचं विसरणं वाढत चाललेलं. घाई होती, आणि मला धीर कमी.

आधी टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि चहा मागितला. गाव असं वरून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग म्हणाले, "माझं तोंड कुठं आहे?" आमच्याकडे ओट्यावर उगवतीकडे तोंड करून नावं सांगतात, उजव्या हाताचा डोंगर, डाव्या हाताचा ओढा अशी. नवरा म्हणाला, "मग सोफाच रोटेट करू या ना, यार." फोनवर दिशा बघून आम्ही सोफा फिरवला. समोर शेजाऱ्यांचं गॅरेज आलं. पण बाबा सुरू झाले. उजवीकडे घोडेटेप हा डोंगर, त्याला लागून गायदऱ्याची खिंड, डावीकडे सातविणीचा ओढा. मला आनंद आवरेना.

पुढच्या आठवड्यात घोडेटेप डाव्या हाताला गेला. मग गायदऱ्याचा ओढा झाला. "परवा वेगळं सांगितलंत, बाबा," मी खेकसले. ते ओशाळले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं कोणतं, हे मला तरी कुठं माहीत होतं? विचारायला गावात कुणी उरलं नव्हतं.

परवा सकाळी बाबा आपणहून सोफ्यावर येऊन बसले. मी फोन सुरू केला. त्यांनी उजवा हात उचलला, खाली ठेवला. डावा उचलला, तो तसाच राहिला. मग माझ्याकडे वळून त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला मारायचे तशी हाक मारली. आत्या जाऊन किती वर्षं झाली.

"अक्के, तूच सांग की. गुरं घेऊन तूच जायचीस तिकडं."

मी फोन खाली ठेवला. ते वाट बघत राहिले.

"तू पण विसरलीस होय?" त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी हो म्हणाले.