भांड्याची पावडर आणि लंडनची शिवी

कढईच्या कानानं हात भाजला आणि माझ्या तोंडून आमच्या घिसाडी बोलीतली शिवी गेली. बाईच्या जागेची. बंगल्यातल्या वहिनींनी भांडी घासायची पावडर माझ्या तळव्यावर ओतली. "तोंड धू. मग भांड्यांना हात लाव."

धुतलं. जिभेवर फेस आला.

तेव्हा वहिनींची लेक लंडनहून सुटीला आलेली. फोनवर मैत्रिणीला हसत हसत 'मिंज' म्हणायची. शिवीच ती, सुरावरून कळायचं. वहिनी कौतुकानं सांगायच्या, "बघ, कशी फाडफाड इंग्लिश बोलते."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाय. मी जळले. तिच्या चपलांवर नाय, केसांवर नाय, तोंडावर जळले. बिडकीनच्या रस्त्याला आमचं पाल होतं. तिथं मी भाता ओढता ओढता 'मिंज, मिंज' घोकायची. नवरा म्हणाला, "घशात काय अडकलं का?" लई शहाणी होते मी. लंडनची शिवी पाठ केली, आणि लेकरांशी आपली बोली बोलायचं सोडलं.

आता नात विद्यापीठात भाषा शिकते. मागल्या महिन्यात मोबाइलवर वाचता वाचता म्हणाली, "आजी, इंग्रजांच्या काही शिव्या रोमा लोकांच्या आहेत. रोमा म्हणजे आपल्यासारखेच तिकडचे भटके. शेकडो वर्षांमागं आपल्याकडूनच गेले म्हणतात." मग एक शब्द वाचून लाजली. मिंज.

"अर्थ सांग की."

"बाईची जागा."

खोकला येईस्तोवर हसले. मग पुन्हा जळले. आता त्या निघून गेलेल्या बायांवर. त्यांची शिवी लंडनच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. मी इथं पावडर चाटली.

"आपल्यात काय म्हणतात गं याला?" नातीनं विचारलं. तिला माहीत नव्हतं. कुठून असणार.

तेव्हाही मी त्याच बंगल्यात कामाला होते. वहिनींची लंडनची लेक, ताई, पुन्हा आलेली. दुसऱ्या दिवशी कढई गार होती, तरी शिवी हासडली. मोठ्यानं. वहिनींनी पावडरीच्या डब्याकडं बोट केलं. डबा उचलून मी ताईपुढं ठेवला.

"आधी तुम्ही धुवा. मिंज म्हणजे तेच."

ताई खाली बघायला लागली. तिला माहीत होतं. पहिल्यापासून.

"उद्यापासून येऊ नको," वहिनी म्हणाल्या.

"बरं."

आता रोज नातीला समोर बसवते. आमची बोली शिकवते. सुरुवात त्याच शब्दापासून केली. ती हळूच म्हणते, दाराकडं बघत.

हळू चालणार नाय. शेजारी ऐकेपर्यंत म्हणायचं. दार मी उघडंच ठेवते.